मृतांचे वकीलपत्र : नव-व्हिक्टोरियन कादंबरीतील एक नैतिक प्रश्न

शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर' (१८४७) या कादंबरीत थॉर्नफील्डच्या माळ्यावर कोंडलेल्या बर्था मेसनचे एकही वाक्य वाचकाच्या कानी थेट पडत नाही. ती हसते, गुरगुरते, चावते आणि अखेर घराला आग लावून मरते. तिच्याविषयी वाचकाला जे कळते ते बहुतांशी तिला कोंडणाऱ्या नवऱ्याच्या तोंडून. डॉमिनिका बेटावर जन्मलेल्या जीन ऱ्हीस यांनी 'वाइड सरगॅसो सी' (१९६६) लिहून या स्त्रीला बालपण, भाषा आणि अँटॉइनेट हे तिचे स्वतःचे नाव दिले. बर्था हे नाव नवऱ्याने लादलेले ठरले, आणि त्या नवऱ्याला मात्र संपूर्ण कादंबरीत नाव नाही. यानंतर इंग्रजी कथावाङ्मयात व्हिक्टोरियन काळाकडे परतण्याची जी प्रवृत्ती बळावली, तिला समीक्षेत 'नव-व्हिक्टोरियन' असे नाव मिळाले आहे. तिच्या तंत्रविशेषांची चर्चा पुष्कळ झाली. परंतु तिच्या मुळाशी असलेला प्रश्न तंत्राचा नाही. ज्यांना त्यांच्या काळाने बोलू दिले नाही त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार उत्तरकालीन लेखकाला कोठून प्राप्त होतो? येथे वकीलपत्र आहे, पण त्यावर अशिलाची सही नाही. आणि अशील कधी उलटून बोलणारही नाही.

अन्यायाचे परिमार्जन, हे या प्रश्नाचे सहज सुचणारे उत्तर होय. ते खोटे नाही, परंतु पुरेसेही नाही. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८५ मधील आपल्या निबंधात दाखवून दिले, की गोऱ्या क्रिओल स्त्रीला वाचा देणारी ऱ्हीस यांची कादंबरी क्रिस्तोफीन या कृष्णवर्णीय दाईला मात्र मध्येच कथेबाहेर जाऊ देते. हा आक्षेप काहीसा कठोर आहे. क्रिस्तोफीन जाण्यापूर्वी त्या नवऱ्याला तोंडावर जे सुनावते, तसे त्याला दुसरे कोणीच सुनावत नाही. तरीही आक्षेपाचे मर्म उरतेच. एकाला बोलके करताना दुसरा कोणी मुका राहतो, आणि तो कोण हे लेखकाच्या सदिच्छेवर अवलंबून नसते.

याहून गंभीर धोका आत्मगौरवाचा आहे. जॉन फाउल्स यांच्या 'द फ्रेंच लेफ्टनंट्स वुमन' (१९६९) या कादंबरीची कथा १८६७ मध्ये सुरू होते आणि निवेदक विसाव्या शतकात उभा राहून ती सांगतो. तेराव्या प्रकरणात तो आपली पात्रे कल्पित असल्याची कबुली देतो, पुढे नायकाच्या रेल्वेच्या डब्यात येऊन बसतो, एकाहून अधिक शेवट लिहितो. या साऱ्या स्वातंत्र्यघोषात एक गोष्ट मात्र निश्चित असते : सेरा वुड्रफ आपल्या काळाच्या पुढे आहे, म्हणजेच ती आपल्यासारखी आहे. तिच्यावर प्रेम करताना वाचक नकळत स्वतःवरच प्रेम करीत असतो. कॅरेल राइझ यांच्या १९८१ मधील चित्रपटासाठी पटकथा लिहिताना हॅरॉल्ड पिंटर यांनी हे नेमके हेरले असावे. त्यांनी निवेदक काढून टाकला आणि त्या भूमिका करणाऱ्या आजच्या दोन नटांचे प्रेमप्रकरण समांतर उभे केले. शेवटी निघून जाणाऱ्या अभिनेत्रीला तो नट हाक मारतो ती तिच्या नावाने नव्हे, तर 'सेरा' या नावाने. मूळ कादंबरीवरचे याहून अचूक भाष्य समीक्षकांनाही क्वचितच साधले असेल.

मृतांना न्याय देणारा न्यायाधीश स्वतः कधी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहत नाही, हे या आत्मगौरवाचे खरे सुख. पियानोच्या पायांना झालर लावणारे लोक म्हणून व्हिक्टोरियनांची थट्टा आजही होते. वस्तुतः ही कथा कॅप्टन मॅरिएट यांनी १८३९ साली अमेरिकेतील एका मुलींच्या शाळेविषयी लिहिली होती, आणि इंग्लंडमधील वाचक तिला हसले होते. याच काळात मिल यांनी स्त्रियांच्या पारतंत्र्यावर ग्रंथ लिहिला (१८६९), आणि जोसेफीन बटलर यांनी वेश्यांच्या सक्तीच्या तपासणीच्या कायद्यांविरुद्ध लढून १८८६ मध्ये ते रद्द करविले. उलट बाजूने मार्गारेट थॅचर यांनी १९८३ मध्ये 'व्हिक्टोरियन मूल्यां'चा गौरव केला तेव्हा त्याच शतकाचे दुसरे सोपे चित्र पुढे आले. निंदा काय नि स्तुती काय, गैरसोयीचे साक्षीदार दोन्हींनाही नको असतात.

हे साक्षीदार नेहमीच मुके नव्हते. रखमाबाईंवर नवऱ्याने लावलेला वैवाहिक संबंध पुनःस्थापनेचा दावा इंग्रजी कायद्यातून मुंबईच्या उच्च न्यायालयात आला होता. १८८७ मध्ये नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असा निकाल झाला. परंतु त्यापूर्वीच, १८८५ मध्ये, 'एक हिंदू स्त्री' या नावाने त्यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त आपली बाजू मांडली होती. अशा स्त्रीला कादंबरीकाराने वाचा देण्याची नव्हे, तिने लिहिलेले वाचण्याची गरज असते. इंग्लंडने तो दावा १९७० मध्ये कायद्यातून काढून टाकला. हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात तो अद्याप नांदतो आहे. मराठी वाचकाला व्हिक्टोरियन काळ हा केवळ नाटकी पोशाख वाटू नये, याला हे कारण पुरे आहे.

या आत्मगौरवाला सर्वांत कठोर उत्तर सेरा वॉटर्स यांच्या 'फिंगरस्मिथ' (२००२) या कादंबरीत आढळते. अश्लील ग्रंथांची सूची करणाऱ्या मामाच्या घरी वाढलेल्या मॉडला जमलेल्या सद्गृहस्थांसमोर ते ग्रंथ मोठ्याने वाचून दाखवावे लागतात. मामाच्या पात्रामागे हेन्री स्पेन्सर ॲशबी हा खराखुरा सूचिकार आहे. त्याची पहिली सूची १८७७ मध्ये टोपणनावाने निघाली. वाचक मॉडची कणव करतो, पण तिच्या विटंबनेचे वर्णन उत्सुकतेने वाचत तो नेमका कोणत्या खुर्चीत बसलेला असतो? पार्क चॅन-वूक यांनी ही कथा जपानी अमलाखालील कोरियात नेली (२०१६), तेव्हा पडदा आणि झगझगीत वेशभूषा यांमुळे हा प्रश्न अधिकच टोचू लागला. वॉटर्स तो टाळत नाहीत. मामाची पुस्तके वस्तऱ्याने फाडून पळालेली मॉड अखेरीस स्वतः तसलीच पुस्तके लिहून पोट भरते, आणि जिच्यावर तिचे प्रेम आहे त्या सूला अक्षरओळख नाही. येथे पीडिता निर्मळ राहत नाही. म्हणूनच ती लेखिकेच्या आणि वाचकाच्या मालकीची होत नाही.

पीटर केरी यांनी 'जॅक मॅग्ज' (१९९७) मध्ये संमोहनाने कैद्याचे पूर्वायुष्य काढून घेणारा कादंबरीकारच रंगविला आणि चोरीचा आळ थेट आपल्या व्यवसायावर घेतला. ते प्रामाणिक खरे. मात्र कबुली दिली म्हणजे मुद्देमाल परत केला असे होत नाही.

ए. एस. बायट यांच्या 'पझेशन' (१९९०) मधील अभ्यासक त्याही पुढे जातात. कवी ॲशची कबर रात्री उकरून पेटी काढली जाते, आणि त्याच्यासाठी लिहिलेले, कधीच न उघडलेले पत्र वाचले जाते. आपल्याला एक मुलगी आहे हे कवीला अखेरपर्यंत कळले नाही, असा निष्कर्ष सर्वजण काढतात. पुराव्याच्या आधारे दुसरा निष्कर्ष निघूही शकत नाही. त्यानंतरची शेवटची दोन-तीन पाने १८६८ मधील आहेत. ऊन पडलेल्या कुरणात कवी त्या लहान मुलीला भेटतो, तिला ओळखतो, आणि तिच्या 'मावशी'साठी एक निरोप देतो. वाटेत मुलीला तिचे भाऊ भेटतात, खेळात डोक्यावरचा फुलांचा मुकुट विसकटतो आणि निरोप सांगायचा राहून जातो.