पत्त्यातलं पाणी

गेल्या दिवाळीत सांगोल्याजवळ काकांकडे जाताना मी पत्त्यांच्या खेळाचा एक छोटा डबा बरोबर नेला होता. खेळाचं नाव 'नाईल'. प्राचीन इजिप्तमधली शेती, डाव अर्ध्या तासात संपतो, लहान पोरांनाही जमतो. हातातल्या पत्त्यांतून गहू, जवस, पपायरस असं काहीतरी समोर पेरायचं. मग गठ्ठ्यातलं वरचं पान उलटायचं. तो नाईलचा पूर. पानावर जे पीक निघेल ते ज्याच्या शेतात उभं असेल, त्याने कापणी करून घ्यायची. मधूनच टोळधाड येते आणि सगळ्यांत मोठं शेत फस्त होतं.

काका तीन डाव गप्पपणे खेळले. (दोन जिंकले, तेही सांगायला हवं.) चौथ्या डावात उलटलेलं पान हातात घेऊन म्हणाले, "पत्त्यात पाणी आलं की शेतात आलंच, असं कसं गं?"

चुलतभावाची मुलगी म्हणाली, "आबा, नियमच आहे तसा." तिच्या दृष्टीने विषय संपला. माझ्या दृष्टीने नाही, कारण माझं पोट याच नियमावर चालतं.

मी ज्या टीममध्ये आहे ती हवामानावर आधारित फळपीक विम्याची गणितं करणारा प्रोग्राम लिहिते. या विम्यात बाग बघायला कोणी जात नाही. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर पाऊस, तापमान मोजलं जातं. ठरलेल्या काळात आकडा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, की त्या केंद्राला जोडलेल्या विमाधारकांना भरपाई. नाही गेला, तर कोणालाच नाही. कॉलेजातून बाहेर पडल्यावर हे काम मिळालं तेव्हा मला त्याचा अभिमान होता. पंचनामा नाही, कोणाच्या हातापाया पडणं नाही, चहापाण्याचे पैसे नाहीत. आकडा सगळ्यांना सारखा.

दोन वर्षांपूर्वी ऐन फुलांच्या वेळी काकांच्या बागेवर पाऊस कोसळला. केंद्र बागेपासून अकरा किलोमीटरवर. तिथे तो दिवस कोरडा गेला. इकडे फुलं गळाली, पुढे जी फळं धरली त्यांच्यावर तेल्या आला. भरपाई शून्य. मी गुपचूप लॉग काढून पाहिले. कोडमध्ये एकही चूक नव्हती. चूक सापडली असती तर मला बरं वाटलं असतं.

ही कल्पना आमच्या क्षेत्राला वाटते तेवढी नवी नाही. आस्वानजवळच्या एलिफंटाइन बेटावर नदीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत आणि भिंतीवर खुणा. पूर किती चढला ते त्यावरून मोजायचं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तिथे गेलेला ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो, की या मोजणीचा उपयोग अधिकाऱ्यांना महसुलासाठी होई. पाणी जास्त तर वसुली जास्त. रोमन लेखक प्लिनीने तर कोष्टकच दिलंय : बारा हात पाणी म्हणजे दुष्काळ, तेरा म्हणजे भूक, चौदाला हसू, पंधराला निर्धास्तपणा, सोळाला आनंदीआनंद. त्याहून फार चढलं तर पुन्हा नुकसानच.

विचार करा. पाऊस पडतो इथिओपियाच्या डोंगरांत, खूण दिसते आस्वानच्या दगडावर, आणि धान्य जायचं शेकडो किलोमीटर खालच्या एखाद्या शेतकऱ्याचं. त्याचा तुकडा जरा उंचावर असेल, बांध फुटला असेल, पाणी पोचलंच नसेल, ते दगडाला कळायची सोय नाही. आमच्या धंद्यात या फटीला 'बेसिस रिस्क' म्हणतात. शब्द असा, की जणू ती फट कोणाच्या घरात नाहीच, एक्सेलमध्येच राहते.

मग दगडाऐवजी माणूस पाठवावा का? त्याचंही उत्तर इजिप्तमध्येच आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये 'पपायरस अनास्तासी पाच' नावाची गुंडाळी आहे, तीन हजारांहून जास्त वर्षं जुनी. लेखनिक होऊ पाहणाऱ्या पोरांचा हा धडा. त्यात शेतकऱ्याचं वर्णन येतं. पीक किड्यांनी खाल्लं, पाणघोड्याने खाल्लं, उंदीर झाले, टोळ उतरले. आणि नेमका तेव्हाच काठावर लेखनिक येतो, बरोबर दंडुके घेतलेली माणसं. धान्य काढ म्हणतात. धान्य नसतं. मग मार. हे वाचून वाटेल की लिहिणाऱ्याला दया आली असावी. छे! धड्याचा मुद्दा एवढाच की बाळा, बघ शेतकऱ्याचे हाल, म्हणून शीक आणि लेखनिक हो.

हा धडा मला तोंडपाठ आहे. आमच्या घरात प्रत्येक पोराला तो ऐकवलाय. शेतीत काही राहिलं नाही, शीक, इंजिनिअर हो. मी झाले.

तर माणसाला डोळे असतात, पण हातात दंडुकाही असतो. दगडाला दोन्ही नाही. बरीच वर्षं मी इथेच थांबायचे आणि दगडाच्या बाजूने मत द्यायचे. जॉन रॉल्सने १९७१ साली मांडलेली एक कसोटी आहे : आपल्या वाट्याला कोणती जागा येणार हे माहीत नसताना आपण जे नियम मान्य करू, ते न्याय्य. पत्त्यांच्या डावात हे आपोआप साधतं. नियम आधी ठरतात, पानं नंतर वाटली जातात. टोळधाड पुतणीच्याही शेतावर येऊ शकते. आलीच, आणि ती दहा मिनिटं रुसून बसली. म्हणून तिचं 'नियमच आहे तसा' मला पटतं. तेच वाक्य माझ्या तोंडात खोटं वाटतं. आमच्या टीममध्ये आठ जण आहेत. एकाच्याही नावावर बाग नाही. केंद्रावर पाऊस पडो न पडो, एक तारखेला पगार जमा होतो. नियम सगळ्यांना सारखा असेलही, पण नियम लिहिणाऱ्यांना पानं वाटलेलीच नाहीत.

उपाय अगदीच नाहीत असं नाही. केंद्रं वाढवता येतील. आकडा आणि बाग यांत मोठी तफावत असल्याची तक्रार आली तर माणूस जाऊन पाहील आणि त्याने काय पाहिलं ते सगळ्यांना वाचता येईल, एवढी वाट प्रोग्राममध्ये ठेवता येईल. मी तसं तिकीट टाकलंही होतं. 'स्कोपच्या बाहेर' असा शेरा मारून ते बंद झालं. मी पुन्हा उघडलं नाही. अप्रेझल जवळ आलं होतं.

त्या रात्री काकांना मी केंद्र, मिलिमीटर, मर्यादा, सगळं नीट समजावून सांगितलं. ते गणित कोण करतं, तेवढं सांगितलं नाही.

"असं होय," म्हणाले, आणि पुढचं पान उलटलं. जवस. माझ्यासमोर जवसाची तीन पानं होती.

"घे," काका म्हणाले, "तुझं पिकलं."