वाऱ्याची वाट, ओलीचा हिशोब

चौदाव्या शतकातला योशिदा केन्को हा जपानी भिक्षू आपल्या 'त्सुरेझुरेगुसा' या टिपणांत सांगून ठेवतो की घर बांधावं ते उन्हाळ्याचा विचार करून. हिवाळ्यात माणूस कुठंही राहील, उकाड्यातलं वाईट घर मात्र सोसवत नाही. रत्नागिरीत कुणी हा सल्ला दिला असता तर नवल नव्हतं. पण केन्को क्योतोच्या परिसरातला, आणि तिथं हिवाळ्यात बर्फ पडतं. तरी जपानी सुतारांनी शतकानुशतकं त्याचंच ऐकल्यासारखी घरं बांधली: खांबांवर तोललेली, जमिनीपासून उचललेली, भिंतींच्या जागी सरकती दारं, आणि पावसाला दारापासून लांब ठेवणारी रुंद वळचण. कारण सरळ आहे. जूनमध्ये लागलेली झड जुलैच्या मध्यापर्यंत उघडत नाही, मग ऑगस्टभर घामाच्या धारा. अशा हवेत लाकडाला वारा मिळाला नाही तर ते कुजतं. वात्सुजी तेत्सुरो हा विचारवंत १९२७ मध्ये बोटीनं युरोपला गेला आणि १९३५ च्या 'फूदो' या ग्रंथात त्यानं जपान आणि भारत एकाच मोसमी खान्यात टाकले. हवामानावरून माणसांचे स्वभाव ठरवण्याचा त्याचा खटाटोप मला पटत नाही, पण पावसापुरतं त्याचं बरोबर होतं.

'निसर्ग जपानी माणसाच्या रक्तातच आहे' हे वाक्य आपल्याकडच्या रविवारच्या पुरवण्यांना फार आवडतं. ते वाचताना लक्षात ठेवायचं की याच देशानं आपल्या नद्यांचे काठ आणि मैलोगणती समुद्रकिनारा काँक्रीटनं बांधून काढला. रक्तात वगैरे काही नसतं. काही वास्तुविशारदांनी ऊन, वारा आणि ओल यांच्याशी व्यवहार केला, त्यातले काही जमले, काही फसले. व्यवहार म्हटला की किंमत आली, आणि ती कोणी मोजली हे विचारल्याशिवाय या इमारती समजत नाहीत.

ओसाकातलं सुमियोशीचं घर घ्या. १९७६ मध्ये आंदो तादाओनं दाटीवाटीच्या चाळवजा वस्तीतल्या जुन्या लाकडी घरांच्या रांगेत ते बसवलं. जागेची रुंदी सव्वातीन मीटरच्या आसपास, लांबी चौदा. रस्त्याच्या बाजूला कोरी काँक्रीटची भिंत, तीत एक दार, खिडकी नाही. आत लांबीचे तीन भाग, आणि मधला भाग उघडा चौक. खाली पुढं बैठक, मागं स्वयंपाकघर आणि न्हाणी. वर दोन खोल्या, त्यांना जोडणारा पूल. म्हणजे पावसाळ्याच्या रात्री झोपायच्या खोलीतून न्हाणीघराकडं जायचं तर छत्री घेऊन. भिंतींना उष्णतारोधक अस्तर नाही, वातानुकूलनाची सोय नाही. एवढ्याशा जागेतला तिसरा हिस्सा आभाळाला देऊन टाकणं ही हिंमतच, आणि १९७९ मध्ये या घराला जपानच्या वास्तुशास्त्र संस्थेचा पुरस्कार मिळाला. मुरानो तोगो हे बुजुर्ग वास्तुविशारद हे घर पाहून म्हणाले की पुरस्कार राहणाऱ्यांना द्यायला हवा, असा किस्सा सांगतात. किस्सा खरा असो वा रचलेला, नेम अचूक आहे. चौकातून ऋतू घरात येतात हे खरं. पण जानेवारीही येतो, आणि त्याचं बिल घरमालक हाडांनी भरतो.

ओकिनावातल्या नागो शहराच्या नगरपालिकेबद्दल मात्र मला असं वाटत नाही. 'टीम झू' या गटानं स्पर्धा जिंकून ती १९८१ मध्ये पुरी केली. तिथं तुफानांना तोंड द्यायला घरं काँक्रीटची झाली होती आणि सिमेंटचे जाळीदार ठोकळे गल्लीबोळात दिसायचे. या मंडळींनी तोच स्वस्त ठोकळा उचलला, त्याच्या सावलीच्या गच्च्या पायऱ्यापायऱ्यांनी रचल्या, वर बोगनवेल चढवली, आणि इमारतीच्या आरपार वाऱ्याची भुयारं काढली, समुद्रावरचा वारा एका बाजूनं शिरून कचेऱ्यांमधून दुसरीकडं जावा म्हणून. गावोगावच्या कारागिरांनी घडवलेले छप्पन्न शिसा, म्हणजे ओकिनावाचे राखणदार सिंह, दर्शनी भिंतीवर बसवले. सुरुवातीला वातानुकूलन नव्हतं. पुढं ते बसवावं लागलं. आणि २०१९ मध्ये जुने झालेले सिंह कुणाच्या डोक्यावर पडू नयेत म्हणून उतरवले. हा पराभव आहे का? मला नाही वाटत. सरकारी कचेरीत बसणाऱ्या कारकुनाला आणि दाखल्यासाठी आलेल्या शेतकऱ्याला एकच वारा लागावा असा विचार करून बांधलेल्या इमारती जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतील. यंत्रं आली तरी सावलीच्या गच्च्यांचं काम संपत नाही.

या सगळ्यांत हिशोबाचा पक्का गडी म्हणजे हिरोशिमाचा सांबुइची हिरोशी. तो आधी मोजतो. जागेवर वारा कुठल्या महिन्यात कुठून येतो, ऊन कुठं अडतं, जमीन किती खोलीवर थंड असते, हे उमगल्याशिवाय त्याची पेन्सिल कागदाला लागत नाही. सेतो अंतर्देशीय समुद्रातल्या इनुजिमा या चिमुकल्या बेटावर १९०९ मध्ये तांबं गाळण्याचा कारखाना निघाला आणि तांब्याचे भाव कोसळल्यावर १९१९ मध्ये तो बंद पडला. धुराडी आणि मळीच्या काळ्या विटा तेवढ्या उरल्या. सांबुइचीनं २००८ मध्ये त्या अवशेषांतच संग्रहालय बसवलं. उन्हाळ्यात बाहेरची हवा जमिनीखालच्या लांब वळणदार वाटेनं येते आणि येता येता मातीला आपली उष्णता देऊन टाकते. मुख्य दालनातली तापलेली हवा जुन्या धुराड्यातून वर ओढली जाते, तिच्या जागी ही गार हवा सरकते. हिवाळ्यात उलटा कारभार: काचेच्या दालनात ऊन साठतं, काळ्या विटांची जमीन ते धरून ठेवते, आणि ती ऊबदार हवा आत घेतली जाते. वातानुकूलनाचं यंत्र नाही. सांडपाणीसुद्धा झाडांच्या मुळांतून गाळून तिथल्याच हिरवाईला दिलं जातं. ज्या धुराड्यानं बेटावर धूर ओकला तेच आता इमारतीला श्वास घ्यायला लावतं. इथं निसर्गाची आळवणी नाही, उष्ण हवा वर जाते या शाळेतल्या धड्यावर भिस्त आहे.

जाता जाता: हे बेट ओकायामा शहराच्या हद्दीत येतं. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या शहराच्या मैत्रीतून उभं राहिलं, तेच हे ओकायामा. आपण त्यांची बाग आणली, वारा खेळवण्याची विद्या आणायची राहून गेली.

शेजारच्या नाओशिमा बेटावर सांबुइचीनं २०१५ मध्ये गावासाठी सभागृह बांधलं. त्याआधी होनमुरा वस्तीतली जुनी घरं त्याच्या अभ्यासात होती. एकामागे एक लागलेल्या खोल्या दरीतून येणाऱ्या वाऱ्याच्या दिशेनं मांडल्या आहेत हे त्याला दिसलं. नव्या सभागृहाच्या भल्यामोठ्या हिनोकी लाकडाच्या छपराला त्यानं आढ्याजवळ वाऱ्याच्या रोखानं तोंड ठेवलं. वरून वारा गेला की दाब कमी होतो आणि आतली हवा वर खेचली जाते. सुतारांना हे ठाऊक होतंच, यानं ते मोजून सिद्ध केलं.

आता लाकडाची गोष्ट, कारण आजची जपानी वास्तुकला म्हटली की लोकांपुढं वास्तुविशारद कुमा केंगो आणि त्याच्या लाकडी पट्ट्या येतात. जपानचा सुमारे दोन तृतीयांश भाग जंगल आहे आणि त्यातला चाळीस टक्क्यांच्या आसपास हिस्सा लावलेला, मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतरचा, सुगी आणि हिनोकी या झाडांचा. पुढं परदेशी लाकूड स्वस्त झालं, लावलेली झाडं उभीच राहिली, आणि दर वसंतात सुगीचे परागकण देशाला शिंका आणतात. तेव्हा देशी लाकूड वापरा म्हणणं तिथं हौस नाही, डोंगरातल्या गावांच्या पोटाचा प्रश्न आहे. २०१० मध्ये सार्वजनिक इमारतींत लाकूड वाढवण्याचा कायदाही झाला. कोची प्रांतातल्या युसुहारा गावात कुमानं १९९४ पासून एकेक इमारत उभी केली, ते काम मला मोलाचं वाटतं. पण तोचिगी प्रांतातल्या त्याच्या हिरोशिगे संग्रहालयाचं काय झालं? २००० मध्ये उघडलेल्या या इमारतीवर स्थानिक सुगीच्या बारीक पट्ट्यांची झालर भिंतींवरूनच नव्हे, छपरावरूनही ओढली होती. पाऊस थेट लाकडावर. २०२४ पर्यंत त्या पट्ट्या कुजून गळाल्याच्या बातम्या आल्या आणि दुरुस्तीसाठी त्या छोट्या नगराला पैशांची जुळवाजुळव करावी लागली. छायाचित्रात ती इमारत पावसाच्या सरींसारखी दिसे. पण जुन्या सुतारानं वळचण रुंद केली होती ती शोभेसाठी नव्हे, लाकूड कोरडं राहावं म्हणून. त्याचा नियम मोडायचा आणि त्याचाच वारसा सांगायचा, हे काही जमत नाही.

शिवाय ज्या हवेशी जुळवून घ्यायचं तीच आता जागेवर राहिलेली नाही. २३ जुलै २०१८ ला कुमागाया शहरात पारा ४१.१ अंशांवर गेला. बाहेर अशी भट्टी असताना खिडक्या उघडून काय होणार? सरकारी प्राथमिक-माध्यमिक शाळांत २०१७ मध्ये जेमतेम निम्म्या वर्गांना वातानुकूलन होतं, २०२० मध्ये ते नव्वद टक्क्यांपलीकडं गेलं. हिवाळ्याची कथाही वाईट. एकपदरी काचा आणि ॲल्युमिनियमच्या चौकटी यांमुळं घरात ऊब टिकत नाही; थंडगार न्हाणीतून कढत पाण्यात उतरणारी म्हातारी माणसं दगावतात, रस्त्यावरच्या अपघातांत मरणाऱ्यांपेक्षा जास्त. केन्कोचा सल्ला इतका शिरोधार्य मानल्याची ही किंमत. एप्रिल २०२५ पासून तिथं प्रत्येक नव्या घराला ऊर्जाबचतीचे निकष पाळणं सक्तीचं झालं. उशीर झाला, पण झालं.

म्हणूनच इतो तोयोची गिफूतली इमारत मला आजच्या काळाला जास्त लागू वाटते. २०१५ मध्ये उघडलेल्या या वाचनालयावर हिनोकीच्या पातळ फळ्या विणून केलेलं लाटांसारखं छप्पर आहे आणि त्याखाली कापडी घुमटांसारखे अकरा मोठे गोल लटकतात. नागारा नदीच्या खोऱ्यातलं भूजल जमिनीतून फिरवून तापमान राखलं जातं. उन्हाळ्यात गोलांच्या माथ्यावरची झडप उघडून गरम हवा बाहेर सोडतात, हिवाळ्यात ती बंद करतात. लागणारी ऊर्जा १९९० च्या तशाच इमारतीच्या निम्म्यावर आणायची असं लक्ष्य ठेवलं होतं. यंत्र आहे, पण ते मदतनीस आहे. आणि गोलाखाली वाचत बसलेल्या शाळकरी मुलीला छत्री लागत नाही.

देवाणघेवाण एकतर्फी नाही, हेही सांगायला हवं. अंतोनिन रेमंड हा तोक्योत व्यवसाय करणारा वास्तुविशारद; त्यानं जॉर्ज नाकाशिमाच्या साथीनं पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात 'गोलकोंड' हे वसतिगृह बांधलं, सागवानी सरकत्या दारांचं आणि फिरत्या झापांचं. अलीकडं मुंबईच्या बिजॉय जैन यांनी जपानमधल्या ओनोमिचीच्या डोंगरउतारावरची १९६३ ची निवासी इमारत नव्यानं घडवून २०१८ मध्ये 'लॉग' हे विश्रामगृह केलं. अलिबागकडच्या नांदगावच्या माडाच्या वाडीत ताडाच्या लाकडाच्या पट्ट्यांचं घर बांधणाऱ्या जैन यांना सेतो समुद्राकाठची ओल नवी नव्हती.

आपल्याकडच्या जपान सहली साकुराच्या बहरात, मार्च-एप्रिलमध्ये निघतात, आणि तेव्हा तिथली कुठलीही इमारत छानच वाटते. यातलं काही पाहायचं असेल तर एक सहल ऑगस्टमध्ये काढा. ओकायामाच्या होदेन बंदरातून इनुजिमाला होडीनं दहा मिनिटं लागतात. जमिनीखालच्या त्या वाटेत शिरा, आणि अंगावरचा घाम किती वेळात सुकतो ते घड्याळ लावून बघा.