उसना भूतकाळ

अनेकांनी मिळून, प्रत्येकाने एकेक पात्र अंगावर घेऊन, संगणकाच्या पडद्यावर लिहीत नेलेले कथन ही सर्वस्वी नवी गोष्ट आहे, असे मानण्याचा प्रघात पडला आहे. तो अर्धाच खरा आहे. सिंधुदुर्ग व गोवा येथील दशावतारी नाटकाला परंपरेने लिखित संहिता नसते. आख्यान तेवढे ठरलेले असते आणि संवाद नट रंगमंचावरच एकमेकांच्या बोलण्यातून घडवीत जातात. आपल्याकडील खडी गंमतीतही हजरजबाबीपणाला असेच स्थान आहे. तेव्हा कथनाचा कर्ता कोण, हा प्रश्न बार्थने 'लेखकाचा मृत्यू' घोषित करण्याच्या कितीतरी आधी लोकरंगभूमीने निकालात काढला होता. मला येथे उपस्थित करावयाचा प्रश्न निराळा आहे. अशा सहलेखनासाठी जो भूतकाळ उसना आणला जातो, त्याचे आपण काही देणे लागतो काय?

बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत वाढलेला माझा एक विद्यार्थी अशा एका कथनात बरेच दिवस सहभागी आहे. कथनाची भूमी जुन्या जपानच्या धर्तीवर कल्पिलेली: सामुराई, सरदारांची घराणी, मनुष्यरूप घेणारे कोल्हे. सहलेखक कोण, कोठले, हे एकमेकांना ठाऊक नाही. जपानच का, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, तिथं कोणी आडनाव विचारत नाही." नागपूरकराला जपान तसा परका नाही, भदन्त सुरेई ससाई येथे आले ते 1960च्या दशकात, आणि कामठीचे ड्रॅगन पॅलेस जपानी साहाय्याने 1999 मध्ये उभे राहिले. पण या मुलाचा जपान तो नव्हे. त्याच्या घराण्याने 1956 मध्ये दीक्षाभूमीवर धम्म स्वीकारला. आडनाव मात्र तेच राहिले. त्याला हवा होता असा भूतकाळ, ज्यात आपल्या आजोबांची जागा आधीच ठरलेली नाही. शिवकालावर हा खेळ रचला असता, तर कोणते पात्र कोणाच्या वाट्याला, ही चर्चा पहिल्याच दिवशी आडनावाशी येऊन थबकली असती. (शिवकालाशी खेळण्याची मुभा आज कोणाला आहे, हा प्रश्न वेगळाच.)

आता या निवडीतील विपर्यास पाहावा. तोकुगावा राजवटीत (1603 ते 1868) सामान्य रयतेला उघडपणे आडनाव लावता येत नसे. आडनाव आणि तलवार ही सामुराईंची मिरास होती. आडनाव सर्वांना सक्तीचे झाले ते 1875 मध्ये. आडनावापासून दूर गेलेल्या मुलाने तेथे पोचताच प्रथम काय घेतले, तर एक भारदस्त आडनाव. मला याचे हसू आले नाही, इतकेच नोंदवतो. त्याच समाजाच्या तळाशी 'एता' आणि 'हिनिन' म्हणून हिणवलेले लोक होते. मेलेल्या जनावरांची विल्हेवाट, कातडी कमावणे, देहदंडाच्या वेळची कामे त्यांच्याकडे, वस्त्या वेगळ्या. 1871च्या आदेशाने ही नावे रद्द झाली, भेद राहिला. म्हणून 1922 मध्ये क्योटोत 'सुइहेइशा' ही त्यांची समतेची संघटना स्थापन झाली. माझ्या विद्यार्थ्याच्या जपानात कोल्हे बोलतात. ही वस्ती मात्र नाही.

यावर आक्षेप ठरलेला आहे: हे कल्पित आहे, इतिहास नव्हे. आक्षेप मान्य केला तरी तो पुरेसा नाही. कारण कल्पिताने इतिहासाकडून काहीच घेतले नाही, असे नाही. कुलाभिमान घेतला, तलवार घेतली, चिलखत घेतले. त्या चिलखताला लागणारे चामडे ज्या हातांनी कमावले, ते हात तेवढे घेतले नाहीत.

येथे बाबुराव बागूल आठवणे अपरिहार्य आहे. 'जेव्हा मी जात चोरली होती' (1963) या संग्रहाच्या शीर्षककथेतील निवेदक परगावी जात लपवतो आणि ती उघड होताच मार खातो. शिमाझाकी तोसोन यांच्या 'हाकाई' (1906) या कादंबरीतील तरुण शिक्षक त्याच वस्तीतला. जन्म कधीही उघड करू नकोस ही वडिलांची आज्ञा तो अखेर मोडतो. दोन्हीकडे मुखवटा एकतर्फी आहे. समोरच्याला तो मुखवटा आहे हेच माहीत नाही. सहलेखनात तसे नसते. हुइझिंगाने 1938 मध्ये खेळाचे जे वर्णन केले, त्याप्रमाणे येथे सीमा सर्वसंमत असते आणि मुखवटा सर्वांनीच घातलेला असतो. म्हणून माझ्या विद्यार्थ्याने जात चोरली असे म्हणता येणार नाही. त्याला मिळालेले स्वातंत्र्य मी खरे मानतो, आणि 'पलायन' या आपल्या समीक्षेतील आवडत्या शब्दाने ते हिणवायला तयार नाही. ज्याला पळावे लागत नाही, तोच हा शब्द सहज वापरतो.

परंतु चोराला मालक ठाऊक असतो. बागुलांचा निवेदक क्षणभरही विसरू शकत नाही. खेळणाऱ्याला विसरता येते. शिवाय एकट्या लेखकाने कोणाला वगळले, तर समीक्षक त्याला जाब विचारू शकतो. दहा जण आळीपाळीने लिहितात तेव्हा वगळणुकीला कर्ताच सापडत नाही. प्रत्येकाने फक्त आधीच्या वाक्याला जोडून पुढचे लिहिलेले असते. लेखकाचा मृत्यू किती सोयीचा असू शकतो, हे मला येथे प्रथम जाणवले.

मी त्याला 'हाकाई'चे इंग्रजी भाषांतर वाचायला दिले. काही आठवड्यांनी त्याने कथनात एक नवे पात्र आणले: चिलखत दुरुस्त करायला आलेला चांभार, वाड्याच्या दाराबाहेर उभा. कोणी अपशब्द लिहिला नाही, हरकतही घेतली नाही. सहलेखकांनी त्याला वळसा घालून कथा पुढे नेली. पाहुणे दुसऱ्या दाराने आत आले. दशावतारात समोरच्या नटाचे वाक्य असे अधांतरी सोडता येत नाही, प्रेक्षकांच्या ते तत्काळ लक्षात येते. पडद्यावर मौन हे मौन म्हणून दिसतच नाही.

"माझ्याच सामुराईनं त्याला आत बोलावलं तर चालेल का, सर?" त्याने विचारले. मी म्हणालो, ते एकाच माणसाने स्वतःला दिलेले उत्तर होईल. त्याला ते पटले असावे. पात्र त्याने मागे घेतलेले नाही, आणि आत बोलावण्याचे वाक्यही स्वतः लिहिलेले नाही.