ऐपत आणि फर्ज

कलमा, नमाज, रोजा, जकात आणि हज या पाच गोष्टी इस्लामात पायाभूत मानल्या आहेत. ही नावे पुष्कळांना तोंडपाठ असतात. पण वाचकहो, नावे कळली म्हणजे विषय कळला असे नाही. फर्ज सर्वांना सारखे, माणसे मात्र सारखी नाहीत. एक धडधाकट, दुसरा अंथरुणाला खिळलेला; एकाच्या घरी कोठार, दुसऱ्याची चूल थंड. ज्याला जमत नाही तो देवाच्या दारी उणा ठरला काय?

हजचेच पाहा ना. मक्केची ही यात्रा जन्मात एकदा, तीही ऐपत असेल त्यालाच. ऐपत म्हणजे नुसता वाटखर्च नव्हे. परत येईतो बायकामुलांच्या पोटाची सोय हवी, आणि कोणाचे देणे थकले असेल तर आधी ते फेडावयाचे. गरीब माणूस मक्का न पाहता मेला, तर त्याचे काही चुकले नाही. ते फर्ज त्याच्यावर आलेच नव्हते.

रमजानच्या रोजात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा घोटसुद्धा नाही. आजारी आणि प्रवासी यांना मोकळीक आहे, पण सुटलेले दिवस मागाहून भरून काढावयाचे. म्हातारपणामुळे तेही होणार नसेल, तर दर रोजामागे एका गरिबाला जेवू घालावयाचे. नमाजाला तर ऐपत विचारीतच नाहीत. उभे राहवत नाही? बसून करा. बसवत नाही? पडल्या पडल्या खुणेने करा. पाणी नसेल तर स्वच्छ मातीवर हात टेकून शुद्धी होते.

खरी कसोटी जकातीत लागते, कारण तिथे पैसा आला! सोने, चांदी, रोकड ठराविक मर्यादेवर असून वर्षभर हाताशी राहिली, तर तिचा चाळिसावा हिस्सा द्यावयाचा. शेतीचा हिशेब मला फार आवडतो. पीक पावसावर आले तर दहावा हिस्सा, आणि पाणी ओढून घालावे लागले तर विसावा. ज्याचा घाम जास्त, त्याचे देणे कमी. शिवाय हे दान नव्हे. धनिकाच्या मालात गरिबाचा हक्कच आहे असे कुराण मानते. मग देणाऱ्याने उपकाराची भाषा कशाला बोलावी? स्वतःच्या आईबापांना वा मुलांना जकात देता येत नाही, कारण त्यांना पोसणे हे मुळातच वेगळे कर्तव्य.

पण ऐपत मोजणार कोण? बहुधा ज्याची त्यानेच मोजावयाची, आणि माणूस मोठा हुशार! वर्ष भरत आले की माल बायकोच्या नावे करावयाचा, पुढे तिने तो परत नवऱ्याच्या नावे करावयाचा. वर्ष कोणाचेच भरत नाही, जकात कोणावरच लागत नाही. ही युक्ती जुन्या काळापासून माहीत आहे. कायद्याच्या अक्षराला तीत बोट ठेवावयास जागा सापडत नसे. इमाम गझाली (मृत्यू 1111) यांनी आपल्या ‘इह्या’ ग्रंथात तिचा समाचार घेतला आहे. त्यांचे म्हणणे असे की, ही विद्या दुनियेच्या कचेरीत चालेल. परलोकात मात्र तिच्याइतके घातक दुसरे काही नाही.