किल्ल्या दिल्यानंतर काय उरते?



ध्यानाच्या आसनावर मन स्थिर ठेवणे त्या मानाने सोपे. साधनेची खरी कसोटी रोजच्या व्यवहारात लागते, आणि पुष्कळदा तो व्यवहार आटोपल्यावर येणाऱ्या किरकोळ कटकटीत लागते. घर विकून झाल्यावर येणारा खरेदीदाराचा फोन हा असाच एक प्रसंग आहे.

समजा, बेंगळुरूमधला आपला जुना फ्लॅट आपण विकला. सब-रजिस्ट्रार कार्यालयात खरेदीखत नोंदले गेले, रक्कम बँकेत जमा झाली, किल्ल्या दिल्या. दहा दिवसांनी फोन येतो. "स्वयंपाकघरातला नळ ठिबकतोय. गिझर तापायला फार वेळ लावतो. बाल्कनीची कडी नीट बसत नाही." चार दिवसांनी पुन्हा फोन, मग व्हॉट्सॲपवर फोटो.

अशा वेळी मनात दोन आवाज उठतात. एक म्हणतो, "व्यवहार संपला, आता माझा काय संबंध?" दुसरा म्हणतो, "आपण साधक ना, मग दोन हजार रुपये देऊन टाकू आणि मोकळे होऊ." पहिला आवाज व्यवहारी वाटतो, दुसरा सात्त्विक. पण नीट पाहिले तर दोघांनाही फोन लवकर बंद व्हायला हवा आहे. समोरचा माणूस काय सांगतो आहे आणि त्यात आपला वाटा किती, हे दोघांपैकी कोणीच विचारलेले नाही.

कायदा कुठे बोट ठेवतो

वाणिज्य शाखेत "खरेदीदाराने स्वतः सावध राहावे" हे तत्त्व लवकरच शिकवले जाते. त्या तत्त्वाला मर्यादा आहेत, हे मात्र अनेकदा विसरले जाते.

बिल्डरकडून नवे घर घेतले, तर 2016 च्या रेरा कायद्याचा आधार असतो. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील दोष किंवा कामाच्या दर्जातील उणीव कळवली, तर बिल्डरने ती 30 दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करून द्यायची असते. एका कुटुंबाने आपले राहते घर दुसऱ्या कुटुंबाला विकले, तर ही जबाबदारी विकणाऱ्यावर येत नाही. तिथे 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा पाहावा लागतो. त्याचे कलम 55 सांगते की, करारात वेगळे काही ठरले नसेल, तर मालमत्तेतील जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला माहीत नाही, शिवाय साधारण काळजी घेऊनही त्याला कळला नसता, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. तो न सांगणे हे कपट मानले जाते.

या कलमात दोषाइतकेच वजन "माहीत असणे" या गोष्टीला आहे. हाच धागा आपल्याला हवा आहे.

फार जुन्या काळीही माणसे याच ठिकाणी पोहोचली होती. रोमन विचारवंत सिसेरो याने इ.स.पूर्व 44 मध्ये कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्यात घरविक्रीचा एक खटला आहे. रोममधील एका टेकडीवरचे घर शकुन पाहण्याच्या कामात आड येते, म्हणून त्याचा उंच भाग पाडावा, असा आदेश मालकाला मिळाला. त्याने तो गुपचूप ठेवून घर विकले. नव्या मालकाला तोच आदेश मिळाला आणि बांधकाम पाडावे लागले. न्यायाधीशाने निर्णय दिला की, विकणाऱ्याला ठाऊक होते आणि त्याने सांगितले नाही, म्हणून नुकसान त्यानेच भरून द्यावे.

"मला हे ठाऊक होते का?"

म्हणून फोन आल्यावर साधकाने स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न एवढाच आहे. खर्च किती येईल, घेणारा किती चिकट आहे, आपण किती स्वस्तात घर दिले, हे सारे नंतर.

बेंगळुरूचेच उदाहरण घेऊ. अनेक भागांत बोअरवेलचे पाणी क्षारयुक्त असते. त्याने नळ खराब होतात, गिझरमध्ये थर साचतो. वापरातल्या घरात हे होतच असते आणि नळ सोडून पाहणाऱ्याला ते दिसते. त्यात कोणाची लबाडी नाही. पण दुसरी गोष्ट पाहा. 2024 च्या उन्हाळ्यात या शहरातल्या असंख्य बोअरवेल आटल्या आणि अनेक सोसायट्या टँकरवर जगल्या. ऑगस्टमध्ये घर पाहायला आलेल्या माणसाला टाकी भरलेली दिसते. आपल्या इमारतीची बोअरवेल दर मार्चमध्ये कोरडी पडते, हे आपल्याला माहीत आहे आणि आपण फक्त स्मित केले, तर तोंडातून एकही खोटा शब्द गेला नाही. तरीही पतंजलींनी सांगितलेल्या यमांपैकी सत्य आणि अस्तेय हे दोन्ही तिथे मोडले. कारण ते खरे कळले असते तर त्याने जी रक्कम दिली नसती, ती आपण घेतली.

महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याची कथा आहे. तो इतका निश्चल उभा राहिला की त्याच्या जटांत पक्ष्यांनी घरटे बांधले. त्याला तपाचा गर्व झाला, तेव्हा आकाशवाणीने त्याला वाराणसीच्या तुलाधाराकडे पाठवले. तुलाधार हा दुकानदार होता. कपट न करता माल विकणे, सर्वांसाठी तराजू सारखा धरणे, हीच त्याची साधना होती. एका तपस्व्याला धर्म शिकण्यासाठी दुकानाच्या पायरीवर पाठवणारी ही कथा आपल्यासाठी फार मोलाची आहे.

तीन उत्तरे

तराजू सारखा धरला, तर तक्रारीचे तीन प्रकार दिसतात.

पहिला, दोष आपल्याला ठाऊक होता आणि आपण झाकला. भिंतीची ओल दिसू नये म्हणून विक्रीआधी रंग मारला असेल, तर दुरुस्तीचा खर्च आपला. रक्कम लहान असली तरी आपलाच. कायद्याची नोटीस येण्याची वाट साधकाने पाहू नये.

दुसरा, दोष आपल्यालाही ठाऊक नव्हता किंवा तो उघड दिसत होता. इथे पैशाचे देणे नाही. पण माहितीचे देणे पुष्कळदा असते. कोणता व्हॉल्व्ह कोणती लाइन बंद करतो, गिझरची सर्व्हिसिंग शेवटी कधी केली, ओळखीचा प्लंबर कोण, विजेचे मीटर नावावर करायला आणि खाता बदलायला कोणते जुने कागद लागतील, हे आपल्यालाच माहीत असते. दहा मिनिटांचे हे बोलणे म्हणजे दान आहे आणि त्याला काहीच खर्च नाही.

तिसरा, तक्रारी थांबतच नाहीत आणि हळूहळू सवलतीची मागणी होऊ लागते. इथे स्पष्ट नकार द्यावा. "हे घर मी जसे होते तसे दाखवले होते. या खर्चात मी सहभागी होणार नाही. माहिती लागली तर जरूर विचारा." आवाज न चढवता म्हटलेला हा नकार अहिंसेच्या विरुद्ध नाही. भीतीपोटी पैसे देऊन मनात राग धरणे, हीच सूक्ष्म हिंसा आहे.

स्वखुशीने द्यावेसे वाटले तर जरूर द्यावे, पण स्वतःच्या वाट्यातून. तुकोबांच्या चरित्रात सांगतात की, त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली तेव्हा निम्मी खते आधी धाकट्या भावाला, कान्होबांना दिली. वैराग्य स्वतःपुरते होते. भावाच्या हक्कावर त्यांनी ते लादले नाही. घर दोघा भावंडांचे असेल, तर आपले औदार्यही एवढ्याच सावधपणे वापरावे.

घेणाऱ्याचाही धर्म

आपण उद्या खरेदीदार असू. तेव्हा हाच तराजू आपल्या हातात असेल. जुने घर घेताना जुनेपणाही विकत घेतलेला असतो. पाहणीच्या वेळी दिसलेली कडी नंतर तक्रारीत येऊ नये. आणि फोन करायचाच तर आरोपाने सुरुवात न करता विचारावे, "काका, हा नळ आधीही असाच होता का?" या प्रश्नात समोरच्याला खरे बोलायला जागा मिळते. 1882 च्या त्याच कलमात घेणाऱ्यावरही बंधन आहे: विकणाऱ्याच्या हक्काविषयीची, मालमत्तेची किंमत बरीच वाढवणारी गोष्ट फक्त आपल्याला कळली असेल, तर ती त्याला सांगावी.

चिंतनासाठी

आज रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसून गेल्या वर्षातला एखादा व्यवहार आठवावा. घर नसेल, तर जुनी स्कूटर, फ्रिज, भाड्याची खोली, काहीही चालेल.

1. त्या वेळी मला ठाऊक असलेली कोणती गोष्ट मी बोललो नाही?
2. समोरच्याला ती आज सांगता येईल का? तिची भरपाई करता येईल का?
3. ज्याला मी नकार दिला, त्याच्याविषयी मनात कडवटपणा उरला आहे का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, तर दुसऱ्याला उद्यावर टाकू नये. तो फोन नंबर अजून आपल्याकडे असतो.