दोनच मिनिटं

‘दोनच मिनिटं थांबलो होतो हो!’ या आठवड्यात हे वाक्य पुन्हा ऐकू आलं. महामार्गावर अपघातग्रस्तांच्या मदतीला थांबलेल्यांची बातमी सगळ्यांनी वाचली आहे, दृश्यं मोबाइलवर फिरून झाली आहेत. त्यांची उजळणी इथं नको. अपघातग्रस्तांसाठी धावलेल्यांच्या हेतूबद्दल कुणाच्याच मनात शंका नाही. संताप येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. भर लेनमध्ये सोडून दिलेली मदतीची गाडी, येणाऱ्या वाहनांकडे पाठ करून उभा राहिलेला घोळका, डिकीत प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट पडून राहिलेला लाल त्रिकोण, आणि या सगळ्यावर पांघरूण घालणारी ती दोन मिनिटं.

या दोन मिनिटांचा एकदा नीट हिशेब व्हायला हवा. ताशी 100 किलोमीटर वेगानं येणारी मोटार एका सेकंदात जवळपास 28 मीटर पुढे येते. दोन मिनिटांत ती सव्वातीन किलोमीटर कापते. म्हणजे मदतीला थांबलेला माणूस दार उघडून उतरला, तेव्हा जी गाडी तीन किलोमीटर मागे वळणापलीकडे होती, तीही ही दोन मिनिटं संपायच्या आत त्याच्या पाठीशी येऊन ठेपते. तिच्या चालकानं त्याला थांबताना पाहिलेलं नाही, उतरताना पाहिलेलं नाही. त्याच्या लेखी तो रस्ता मोकळा आहे. समृद्धी महामार्गावर मोटारींची वेगमर्यादा 120 आहे. तिथं हेच अंतर चार किलोमीटर होतं.

आता ब्रेकचा हिशेब. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसाचाही एक-दीड सेकंद जातो आणि तेवढ्यात गाडी 40 मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर ती थांबायला आणखी 50-60 मीटर लागतात, तेही कोरडा रस्ता आणि धड टायर असतील तर. एकूण 100 मीटर. रात्री लो बीमच्या उजेडात पुढचं जेमतेम 50-60 मीटर नीट दिसतं. काळी पँट, गडद शर्ट घालून टायरपाशी उकिडवा बसलेला माणूस ज्या क्षणी दिसतो, त्या क्षणी ब्रेक दाबूनही उपयोग उरलेला नसतो. भरलेल्या ट्रकची गोष्ट तर याहून वाईट. उतारावर, ओल्या रस्त्यावर तो किती मीटरवर थांबेल हे त्याच्या चालकालाही छातीठोक सांगता येत नाही.

आणि ही दोन मिनिटं दोन मिनिटांत संपतात कुठं? स्टेपनी बदलायची तर आधी जॅक शोधायचा, पान्हा सापडला तर नट गंजलेले असतात. पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. चेपलेल्या दारातून माणूस बाहेर काढायचा तर कटर येईपर्यंत थांबावं लागतं. रुग्णवाहिका फोन ठेवल्याबरोबर दारात उभी राहत नाही. महामार्गावर दोन मिनिटांत उरकलेली मदत कुणी पाहिली आहे? ज्यानं दोन मिनिटांचा शब्द स्वतःला दिला, त्यानं त्रिकोण काढला नाही, गाडी नीट बाजूला घेतली नाही, मुलांना खाली उतरवून कठड्यापलीकडे नेलं नाही, कारण दोन मिनिटांसाठी एवढा उपद्व्याप कोण करतो! या सबबीचा खरा दोष हाच आहे. थांबण्यापूर्वीच ती माणसाला सगळ्या तयारीतून मोकळं करून टाकते.

ही सवय लागते शहरात. औषधाच्या दुकानासमोर दुहेरी रांगेत गाडी लावायची आणि काचेतून बोट दाखवून सांगायचं, दोनच मिनिटं. शाळेच्या फाटकात, एटीएमपाशी, वडापावच्या गाडीसमोर, सगळीकडे तेच. तिथं मागच्याचा वेग वीस असतो, म्हणून फक्त शिव्या बसतात. तीच सवय माणूस बोरघाटात घेऊन जातो. तिथं शिव्या द्यायलाही कुणाला अवधी मिळत नाही.

20 मे 2012 च्या रात्री मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर एका वऱ्हाडाची गाडी टायर पंक्चर झाल्यामुळे कडेला थांबली होती. लग्न आटोपून मंडळी घरी निघाली होती. मागून आलेलं मालवाहू वाहन त्यांच्यावर आदळलं. 27 जण गेले. वरातीतल्या गाड्या एकमेकींसाठी थांबतात ही आपल्याकडची रीतच आहे, आणि ती चांगलीच आहे. पण थांबलेल्यांनी रस्त्याच्या कडेला नव्हे, रस्त्याबाहेर उभं राहायचं असतं, हे त्या 27 मृत्यूंनंतरही आपल्या रीतीचा भाग झालेलं नाही.

वांद्रे-वरळी सी-लिंकवर तर एकाच वर्षात दोनदा हेच घडलं. 30 मे 2022 ला एक जखमी पक्षी वाचवण्यासाठी एक व्यावसायिक आणि त्यांचा चालक पुलावर उतरले. मागून आलेल्या टॅक्सीनं दोघांना उडवलं आणि दोघांचाही जीव गेला. त्याच वर्षी 5 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, उजाडण्यापूर्वी एका अपघातातल्या जखमींसाठी रुग्णवाहिका आणि इतर गाड्या पुलावर थांबल्या होत्या. एक भरधाव मोटार थेट त्यांच्यात घुसली. पाच जण मेले. मदतीला आलेले पुलावरचे कर्मचारीही त्यांत होते. सी-लिंकला उतरून पळायला कड नाही, खाली समुद्र आहे. तिथं रुग्णवाहिकेचे लुकलुकते दिवेसुद्धा पुरे पडले नाहीत, मग एकट्या मोटारीची काय कथा?

अहमदाबादचा इस्कॉन पूलही आठवावा. 20 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर तिथं थार आणि डंपरची टक्कर झाली. बघायला आणि मदतीला लोक जमले. ताशी 140 किलोमीटरहून अधिक वेगानं आलेली जग्वार त्या जमावातून आरपार गेली. नऊ जणांचा बळी गेला, त्यांत कर्तव्यावरचा पोलीस आणि होमगार्डचा जवान होता. गुन्हा वेगात गाडी हाकणाऱ्याचा, यात दुमत नाही आणि त्याची शिक्षा त्यालाच व्हायला हवी. पण त्या पुलावर जमलेल्या प्रत्येकाची तिथं गरज होती का? जखमींना चार हात पुरतात. मोबाइल वर धरून चित्रण करणारे हात कशासाठी होते? या स्तंभानं हा प्रश्न आधीही विचारला आहे आणि पुढेही विचारणार आहे, कारण घोळका वाढला की खऱ्या मदतनीसालाही रस्त्याच्या मध्याकडे सरकावं लागतं.

यावर हमखास येणारी उत्तरं थोडक्यात आटोपता येतील. ‘गडबडीत सुचलं नाही’ हे खरंच असतं, म्हणूनच आधी ठरवून ठेवायचं. ‘पोलिसांचं लचांड मागे लागतं’ हे आता खरं उरलेलं नाही. 30 मार्च 2016 ला सर्वोच्च न्यायालयानं मदतनीसांना संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात 134-अ हे कलम आलं. जखमीला पोचवणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती नाही, साक्षीदार होण्याची सक्ती नाही. सेव्हलाइफ फाउंडेशनच्या पीयूष तिवारींनी ही लढाई न्यायालयात नेली, कारण 2007 मध्ये त्यांचा शाळकरी भाऊ दिल्लीच्या रस्त्यावर मदतीवाचून गेला होता. पहिल्या तासात जखमीला रुग्णालयात नेणाऱ्याला आता ‘राहवीर’ म्हणून 25 हजार रुपयेही जाहीर झाले आहेत. थांबायचं की नाही, हा वाद कायद्यानं जवळपास मिटवला. कसं थांबायचं, हे शिकवायचं मात्र राहून गेलं.

राहिलं ते ‘पार्किंग लाइट लावली होती की’. चारही इंडिकेटर लुकलुकवण्याचा आपण जो खेळखंडोबा केला आहे, त्याचा या स्तंभाला जुना राग आहे. चौकात सरळ जायचं तरी चार दिवे, बोगद्यात शिरलं की चार दिवे, पावसाची सर आली की धावत्या गाडीवर चार दिवे. ‘मी थांबलो आहे, सांभाळा’ हा त्या दिव्यांचा एकमेव निरोप. तो चालत्या गाडीतून रोज दिल्यावर थांबलेल्या गाडीवर कोण विश्वास ठेवील? रात्री मागच्याला दिवे दिसतात, पण ही गाडी जागची हलत नाही हे उमगायला वेळ लागतो. उमगतं तेव्हा अंतर संपलेलं असतं.

मग थांबायचं कसं? अपघाताची जागा ओलांडून पुढे जायचं आणि डाव्या कडेला, शक्य तितकं रस्त्याबाहेर. मागे गाडी लावली आणि तिला कुणी धडक दिली, तर ती पुढच्या जखमींवरच जाऊन आदळते. उतरायचं डाव्या दारानं. सोबतच्यांना आधी लोखंडी कठड्यापलीकडे पाठवायचं. तिथंही आपल्या गाडीच्या पुढे नाही, मागच्या बाजूला उभं करायचं, कारण धडक बसलेली गाडी पुढेच फेकली जाते. बहुतेक माणसं नेमकी उलट, गाडीचा आडोसा म्हणून तिच्या बॉनेटपुढे उभी राहतात. पहिला फोन 112 किंवा 108 ला, राष्ट्रीय महामार्ग असेल तर 1033 ला, आणि फोनवर किलोमीटरचा दगड आणि जाण्याची दिशा सांगायची. ‘लोणावळ्याच्या थोडं पुढे’ या पत्त्यावर रुग्णवाहिका पोचत नाही. तोंड सतत येणाऱ्या वाहनांकडे ठेवायचं. दोन गाड्यांच्या मधल्या फटीत तर क्षणभरही जायचं नाही.

त्रिकोणाचंही तारतम्य आहे. ब्रिटनच्या वाहतूक संहितेत तो किमान 45 मीटर मागे ठेवायला सांगितलं आहे, पण मोटरवेवर मुळीच ठेवू नका असंही बजावलं आहे, कारण तो ठेवायला चालत जाणंच जिवावर बेततं. याच कारणानं स्पेननं 1 जानेवारी 2026 पासून त्रिकोणाऐवजी गाडीच्या छतावर बसवायचा लुकलुकता दिवा सक्तीचा केला. फ्रान्सनं 2008 मध्ये प्रत्येक गाडीत चमकणारं पिवळं जाकीट सक्तीचं केलं, तेव्हा सरकारी जाहिरातीत ते घालून फॅशनच्या दुनियेतला बडा माणूस कार्ल लागरफेल्ड उभा राहिला होता. आपल्याकडे असं जाकीट काही शे रुपयांत मिळतं. मोबाइलच्या कव्हरवर त्याहून जास्त खर्च करणाऱ्यांच्या गाडीत ते नसतं. आणि बंद ट्रकच्या मागे धोंडे आणि झाडाच्या फांद्या टाकून, काम झाल्यावर ते तसेच ठेवून निघून जाण्याची जी पद्धत आपल्या महामार्गांवर आहे, ती तर पुढच्या दुचाकीस्वाराचा जीव घेण्याची सोय आहे. असं करणाऱ्याला कडक दंड व्हायला हवा.

इतकं सगळं कशासाठी, असं विचारणारे भेटतील. माणूस स्वतःचा जीव धोक्यात घालत असेल तर तो त्याचा प्रश्न, असंही म्हणतील. तसं नाही. मागच्या सीटवर झोपलेल्या मुलांना त्यानं विचारलेलं नसतं. जखमीसाठी निघालेली एकुलती रुग्णवाहिका आता दोघांत वाटली जाते. आणि मागून बेताच्या वेगानं, नियमात चाललेला एखादा साधा चालक एका क्षणात कुणाच्या तरी मृत्यूचं कारण होतो; कोर्टातून सुटला तरी ते ओझं तो जन्मभर वाहतो. निष्काळजी मदतनीस इतक्या जणांच्या वतीनं निर्णय घेत असतो. त्याचं मन मोठं होतं, एवढ्यानं त्याला माफी मिळू नये.

कधी कधी न थांबणं हीच मदत असते. रात्र आहे, घाट आहे, कडेला जागा नाही, गाडीत एकटी बाई किंवा म्हातारे आईवडील आहेत, तर थांबू नये. पुढच्या टोलनाक्यावर किंवा पेट्रोल पंपावर जाऊन फोन करावा, अचूक जागा सांगावी, मदत निघाली का ते पुन्हा विचारावं. कुणी याला भित्रेपणा म्हटलं तर म्हणू द्यावं. असं म्हणणारा सहसा स्वतः कधीच थांबलेला नसतो.

उरले ते नुसते शेजारून जाणारे. अमेरिकेत साउथ कॅरोलायनानं 1996 मध्ये कायदा केला: कडेला मदतीचं वाहन उभं दिसलं की वेग कमी करायचा आणि जमलं तर एक लेन सोडून जायचं. 2012 मध्ये हवाईनंही तो स्वीकारला आणि पन्नासही राज्यांत असा कायदा झाला. आपल्या द्रुतगती मार्गावर मात्र कडेला जखमीला उचलणारी माणसं दिसली की काहीजण वेग कमी करतात ते काच खाली करून बघण्यासाठी, आणि त्यांच्या मागचे कर्कश हॉर्न वाजवत त्याच लेनमधून, हातभर अंतरावरून निघून जातात. जखमीवर ओणव्या झालेल्या माणसाला हॉर्न वाजवून बाजूला सारणाऱ्याचा परवाना जागच्या जागी काढून घेतला, तर या स्तंभाची त्याला काहीही हरकत नाही.