मधमाशीची भाकरी

गेल्या आषाढीच्या वाटेवर पालात भाकरी खाऊन बसलो होतो. दिंडीतल्या एका तरुणाने बाटली पुढे केली. म्हणाला, "माउली, घ्या थोडी. मधमाशीची भाकरी. ताकदीला चांगली म्हणतात. मासमच्छी तर नाही, आपल्याला चालेलच की!" चालते की नाही, हे मला पटकन सांगता येईना. हात मात्र पुढे झाला नाही.

ही भाकरी म्हणजे फुलांचा पराग. माशी तो मागच्या पायांना गोळी करून घरी आणते. घरच्या माशा त्यात मध नि लाळ मिसळतात, पोळ्याच्या घरांत दाबून भरतात. मग तो किंचित आंबतो व टिकतो. तो खाऊन तरुण माशांच्या अंगी जणू दूध उतरते आणि त्यावर पिल्ले वाढतात. म्हणून तर ही घरे पिल्लांना लागून असतात, मध वरच्या अंगाला. आईने मुलांच्या हाताशी डबा ठेवावा तसेच हे!

आपण माधुकरी म्हणतो ती या माशीवरूनच. घरोघरचे थोडे थोडे घ्यावे, देणाऱ्याचे पोर उपाशी राहू नये. मग खुद्द माशीच्या दारी आपण कसे वागतो? धूर करून पोळे कापले आणि पिळले की मध, पराग, पिल्ले सगळे एका मुठीत. महाबळेश्वराकडचे मधपाळ सातेरी माशी पेटीत पाळतात. वरच्या कोठ्यातल्या चौकटी यंत्रात फिरवून मध काढतात, पोळे शाबूत परत ठेवतात. पावसाळ्यापुरता मध मागे ठेवला तर हे घेणे माधुकरीच्या जवळचे वाटते. धो धो पावसात माशीला बाहेर पडता येत नाही. तेव्हा साखरेचा पाक देऊन निभावता येते. पण परागाची उणीव पाकाने भरत नाही. आणि तो काढायचा तर बहुधा पोळेच मोडावे लागते.

"अन् औषधाला लागली तर?" तरुणाने विचारले. प्रश्न खरा आहे. आजाऱ्यासाठी मधपाळाने भरल्या पेटीतून थोडी दिली, तर त्याला मी पापी म्हणणार नाही. मी स्वतः जन्मभर दूध प्यालो, वासराचा हिशेब कुठे विचारला? (हे लिहिताना लाज वाटते.) पण धडधाकट माणसाने, पदरी ज्वारीची भाकरी असता, पिल्लांच्या ताटातली उचलावी हे मनाला रुचत नाही. तसे त्याला सांगितले.

तो काही बोलला नाही. बाटली पिशवीत ठेवली आणि माझ्याकडची चटणी मागून घेतली.